व्हांदरलेईच्या फोटोतले डोळे

कानिंदेच्या यात्रेची अर्धी वाट सरली तेव्हा झेनाइदेच्या लक्षात आलं, की मागून येणारी बाई लिंदाल्वाच आहे. अंगात नवसाचा तपकिरी झगा, डोक्यावर गवती टोपी, कमरेला काहीतरी लांबट बांधलेलं.

झेनाइदे थबकली. तिच्या थोरल्या पोराने, व्हांदरलेईने, नाचाच्या मांडवात लिंदाल्वाच्या पोराला, जोसेनिल्दोला, मासे कापायच्या सुऱ्याने भोसकलं होतं. आधी पोटात, आणि तो पडल्यावर तोंडावर, पुन्हा पुन्हा. मग लिंदाल्वाच्या दिराने व्हांदरलेईला भर बाजारात मक्याच्या पोत्यांवर लोळवून गोळ्या घातल्या. आता झेनाइदेचा धाकटा, नेतो, उशाखाली पिस्तूल घेऊन झोपत होता.

"चाल की," लिंदाल्वा बरोबरीला येत म्हणाली. "मारायचं असतं तर सावली बघून मारलं असतं. या उन्हात हात कोण उचलतो?"

"कमरेला काय आहे?"

"मेणाचा हात. संत फ्रान्सिस्कोला वाहायचा. माझा आखडला होता, बरा झाला."

लिंदाल्वाचा धंदा मुलखाला ठाऊक. फोनमधला बोटभर फोटो मोठा करून बैठकीत टांगण्याजोगा करायचा. पूर्वी ब्रशने, आता संगणकावर. मेल्यावरचाच फोटो असला तर जखमा बुजवायच्या, कोट चढवायचा, डोळे उघडायचे. मिटल्या डोळ्यांचं माणूस भिंतीवर कोण लावतं? झेनाइदेनेही एका फेरीवाल्याकडे फोटो दिला होता. तो कुणाकडून करून आणतो, ते तिने विचारलं नव्हतं.

"तुझा पोरगा माझ्याकडेच आला," लिंदाल्वा म्हणाली. "पोत्यांवर पडलेला. कपाळाला भोक."

"मग पुसून टाकायचास."

"टाकणारच होते. पडद्यावर मोठा केला आणि त्याच्या तोंडावर थुंकले. मग फडक्याने पडदा पुसला. भोक बुजवलं, कोट घातला. जिवंतपणी एक शर्ट धड घातला नव्हता मेल्याने."

"बटणं तोडायचा," झेनाइदेला हसू आलं, आणि त्याच्यामागोमाग रडू.

"डोळे मात्र नव्हते. दुसऱ्यांचे बसवावे लागतात. माझ्याकडे साठा असतो, जिवंत माणसांचे, जवळून काढलेले. रंगाला जुळणारे एकच निघाले. जोसेनिल्दोचे."

झेनाइदेचे पाय रस्त्याला चिकटले. रोज सकाळी त्या फोटोपुढे मेणबत्ती लावून ती म्हणायची, मेल्यावर शहाणा झालास रे, किती मायेनं बघतोस.

"घरी गेल्या गेल्या सुरीने खरवडून काढते ते डोळे."

"काढ. भिंत तुझी." लिंदाल्वाने टोपी काढून घाम पुसला. "माझ्या पोराचं तोंड तुझ्या पोराने शिल्लक ठेवलं नाही. साठ्यासाठी कॅमेऱ्याने त्याचे नुसते डोळे काढून घेतले, तोंडाचा फोटो राहून गेला. घरचंच पोर, कधीही काढू म्हटलं. फोनमधला एक नखाएवढा आहे. मोठा केला की चौकोन चौकोन होतात, त्यात तो सापडत नाही. आणि नुसते डोळे कसे टांगायचे?"

यात्रेकरूंचा एक घोळका गात गात पुढे गेला.

"नेतोला सांग, पिस्तूल पेटीत बंद करून ठेव म्हणावं," लिंदाल्वा म्हणाली. "आणि सुरी लावायच्या आधी एकदा मला तुझ्या बैठकीत येऊ दे. बाकीचं तोंड मी हाताने झाकीन."