उम्म रुश्दीच्या चीजची लड

वसंतात मेंढ्यांना दूध सुटलं की उम्म रुश्दी घरातल्या पुरुषांना स्वयंपाकघरात फिरकू देत नसे. पुरुष म्हणजे तरी कोण, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, उरला एकुलता एक रुश्दी. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता आणि स्वयंपाकघरात जायची त्याला कधी इच्छाही झाली नव्हती.

बाईचं खरं नाव नझीरा. पण अलेप्पोच्या त्या गल्लीत तिला रुश्दीची आई, उम्म रुश्दी, असंच म्हणत, आणि तिच्या हातचं चीज सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ताज्या चीजचे गोळे आणून ती आंबट होईपर्यंत झाकून ठेवायची. रोज सुपारीएवढा तुकडा गरम पाण्यात टाकून ओढून बघायची. तुटला तर आणखी थांबायचं, ताणला गेला तर बाह्या वर. मग हात भाजेल अशा पाण्यात गोळा मळायचा, मधोमध भोक पाडून कडं करायचं, ते ओढायचं, दुमडायचं, परत ओढायचं. दोनाचे चार, चाराचे आठ. शेवटी हातात सुतासारखी पांढरी लड यायची, मधूनमधून कलौंजीचे काळे दाणे. इतर बायका एवढ्यावर थांबत. उम्म रुश्दी रानचेरीच्या बियांची पूडही घालायची, आणि किती घालते ते सख्ख्या बहिणीलाही सांगायची नाही. लडीला पीळ दिला, मिठाच्या पाण्याच्या बरणीत टाकली, की वर्षाची सोय झाली.

खायच्या आदल्या रात्री लड गार पाण्यात ठेवून खारटपणा उतरवायचा. सकाळी चहाचे पेले घेऊन ताटाभोवती बसायचं आणि गप्पा मारत धागे सोडवायचे. पोरांचा खाऊ तोच, पाहुण्यांचा पाहुणचारही तोच.

आता एवढ्यावर ती थांबती तर बरं होतं. पण धागे सोडवताना बाईमाणसाचा स्वभाव कळतो, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं. त्यामुळे रुश्दीसाठी मुलगी बघायला जाताना ती घरची लड ओल्या कापडात बांधून न्यायची आणि कॉफी झाली की मुलीपुढे ठेवायची. एकीचे धागे जाड निघाले. एकीने सोडवता सोडवता निम्मे खाल्ले. एकीने तर सरळ सुरी मागितली, तेव्हा उम्म रुश्दी कॉफीचा दुसरा घोट न घेता उठली. अशा सहा मुली झाल्या. रुश्दीला चौतिसावं लागलं.

सातवी सौसन. आईचा चष्मा दुरुस्त करायला ती दुकानात आली होती, आणि मग त्या चष्म्याचा स्क्रू महिन्यात चारदा ढिला झाला.

"यम्मा," रुश्दी आईला म्हणाला, "हिला नाही म्हणालीस तर आठवी बघू नकोस. मी लग्न करणार नाही."

"धागा बारीक निघाला तर मी कशाला नाही म्हणू?"

"आणि जाड निघाला तर?"

ती उठून बरणीचं झाकण घट्ट करू लागली. रुश्दीला काय समजायचं ते समजलं.

जायच्या दिवशी ती कपडे करून आली तर लड कापडात गुंडाळून दाराशी तयार. "तुला उशीर होत होता," रुश्दी म्हणाला. चौतीस वर्षांत मुलाने पहिल्यांदा घरातलं काम केलं, म्हणून आईला भरून आलं. तिची धाकटी बहीण बहीजा सोबतीला होती. ती वाटेत म्हणाली, "पोरगं एवढं कामाला लागलंय म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय, ताई." पण ऐकतं कोण.

सौसनच्या आईने, उम्म नबीलने, चांगली कॉफी केली होती. उम्म रुश्दीने बोचकं पुढे केलं. "मुली, हे आमच्या घरचं. बस इथे आणि सोडव जरा."

सौसनने बोचकं हातात घेतलं, किंचित दाबून पाहिलं आणि उठली. "कापड गळतंय, खाला. ताट घेऊन येते."

ती आत गेली ती बराच वेळ आलीच नाही.

"गावाला गेली की काय पोरगी?" बहीजा पुटपुटली.

"लाजाळू आहे हो," उम्म नबील म्हणाली.

ताट आलं. धागे करंगळीएवढे.

"हे धागे की पायजम्याची नाडी?" बहीजाने बहिणीच्या कानात विचारलं. उम्म नबील खाली मान घालून कप आवरू लागली. उम्म रुश्दीने एक धागा तोंडात टाकला आणि चावता चावता थांबली. रानचेरीची चवच नाही. हे तिचं चीज नव्हतं.

"हात धुवून येते," म्हणत ती उठली आणि स्वयंपाकघरात शिरली. सौसन मागोमाग आली.

ओट्यावर उघड्या कापडात तिची लड पडली होती. लड कसली, गोळा. सगळे धागे एकमेकांत विरघळून साबणाची वडी व्हावी तसं झालेलं. गल्लीतल्या सर्वांत नावाजलेल्या हातांचं चीज.

"कोणीतरी उकळतं पाणी ओतलंय, खाला," सौसन हळू आवाजात म्हणाली.

उम्म रुश्दीला सकाळी कोमट लागलेली किटली आठवली. वसंतात आई गरम पाण्यात चीज ताणते, एवढंच त्या गाढवाने लांबून पाहिलेलं. कच्चं चीज गरम पाण्यात ताणलं जातं आणि तयार लड त्याच पाण्यात चिकटते, हे त्याला कोण सांगणार? पोरीला धागे सोपे जावेत म्हणून केलंन.

"तुझ्या आईला दाखवलंस?"

"नाही. आमच्या बरणीतली लड सोडवून आणली."

"बाहेर सांगितलं असतंस तर मी उठून गेलेच असते. आमचं नाव गेलं असतं, तुझे धागे कोणी पाहिले नसते."

"हो, ते कळत होतं मला," सौसन म्हणाली. "पण तुम्ही एवढं गुंडाळून आणलेलं."

 उम्म रुश्दीने कापडाच्या चारही कडा घट्ट बांधल्या आणि बोचकं आपल्या पिशवीत तळाशी घातलं.

"खाला, एक सांगून ठेवते. माझे धागे असेच जाड येतात. नंतर म्हणाल फसवलं."

"पाहिले की मी. माझ्या रुश्दीला दात आहेत."

बाहेर येऊन ती बसली, ताटातला एक जाड धागा उचलून बहिणीच्या हातात ठेवला आणि उम्म नबीलला विचारलं, "लग्न पक्कं केल्याची फातिहा वाचायला आमच्या नात्यातले पुरुष गुरुवारी आले तर चालतील ना?"

बहीजाने तो धागा न चावताच गिळला.