चटणीवालीचा फोटो

जुळे सोलापुरात रस्त्याकडेला एक बाई शेंगाचटणी कुटून विकते. कुटता कुटता कोपरानं घाम पुसते. तिचा फोटो एका कंपनीनं वेबसाइटवर स्वतःच्या चटणीशेजारी लावलाय. परवा एका गिऱ्हाइकानं तो मोबाइलवर दाखवून विचारलं, "मावशी, कंपनीची नक्कल करता व्हय?"

"तुम्ही परवानगी दिली होती?" तिनं हे सांगितल्यावर मी विचारलं.

"ज्यानं फोटू काढला त्योच फोटूचा मालक म्हणं. त्यानं दिली की. तोंड माजं हाय, पर मला कोन इचारतंय?"

माझ्या लग्नाचा फोटो स्टुडिओवाल्यानं न विचारता काचेत लावला, तेव्हा मी येडी गल्लीभर पेढे वाटत फिरले होते. म्हणे हिरॉइन!

हल्ली कुणी मोबाइल काढला की ही चटणीवाली तोंडावर पदर ओढते. गिऱ्हाइकं म्हणतात, "त्या कंपनीची बाई बघा, कशी हसरी आहे."