मातीची चव

मैलूरला आमच्या गल्लीत एक बिदरी कारागीर बसतात. चांदीची नक्षी भरलेली सुरई काळी करायला इथल्या किल्ल्यातली माती लागते. ती पाण्यात कालवण्याआधी ते चिमूटभर जिभेवर ठेवतात, डोळे मिटतात आणि "व्हय" किंवा "न्हाई" म्हणतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मला हे सगळं थोतांड वाटायचं.

एकदा मी तीन सारख्या पुड्या नेल्या. दोन माझ्या अंगणातल्या मातीच्या, एक किल्ल्यातल्या. त्यांनी तिन्ही चाखल्या, दरवेळी चूळ भरली आणि किल्ल्याची पुडी बरोबर बाजूला काढली. रागावले मात्र नाहीत.

"तुमी बी चाखा की, मास्तर."

मला तिन्ही सारख्याच लागल्या.

"लागंल हळूहळू," ते हसले. "मला बी चार वर्सं नुसती मातीच लागायली व्हती."

तेव्हापासून शनिवारी शाळा सुटली की मी त्यांच्याकडे थांबतो. काल किल्ल्याची माती जराशी खारट लागली. खरंच लागली, की लागावी म्हणून लागली, ते कळेना. तसं मी बोलून दाखवलं, तर त्यांनी दोन सारख्या पुड्या पुढं सरकवल्या.

"डोळे मिटा, मास्तर. तुमीच शिकवलंय न्हवं?"