समितीच्या दाराबाहेर

आमच्या विद्यापीठात नवं यंत्र किंवा संगणकप्रणाली घ्यायची तर विभागाला आधी प्रस्ताव द्यावा लागतो. संगणक कक्ष तो तपासतो, मग तो समितीपुढे येतो. लेखा विभागातर्फे मी त्या समितीत बसते. माझा प्रश्न ठरलेला असतो: वॉरंटी संपल्यावर दुरुस्ती कोण करणार? त्यावर बरेच प्रस्ताव अडकतात, त्यामुळे मी काही फार लोकांची लाडकी नाही.

यंदा एक प्रस्ताव आमच्या ह्यांचाच होता. हे भूगोल शिकवतात. त्यांच्या वर्गात जतकडची एक मुलगी आहे. ती कानात यंत्र घालते, तरी पंखा सुरू असला की तिला शब्द लागत नाहीत. मग ओठांकडे बघून समजून घेते. हे फळ्याकडे वळले की तिचं पुढचं सगळं सुटतं. शिक्षकाच्या गळ्यातल्या माइकवरून आवाज थेट तिच्या कानातल्या यंत्रात जाईल, अशी सोय ह्यांना वर्गात हवी होती. मुलीचं हे शेवटचं वर्ष. ही बैठक हुकली असती तर पुढची तिच्या परीक्षेनंतरच.

मी घरी सांगून टाकलं, निर्णय होईपर्यंत या विषयावर एक शब्द बोलणार नाही. ह्यांनी लगेच वाट काढली. जेवताना सासूबाईंना म्हणाले, "आई, दुरुस्तीचं काय लिहू गं?"

सासूबाई वडूजच्या. त्या म्हणाल्या, "मला काय इचारतोस रं? जिला कळतंय ती समोरच बसलीया की."

"ती बोलत नाही."

"मग जेव गप. आन् तू गं, लय शानी हायस. नवरा हाय का ठेकेदार हाय त्यो?"

मी ह्यांना आमटी वाढली.

बैठकीत ह्यांचा विषय आला तशी मी उठून बाहेर आले. घरच्या माणसानं तिथे बसू नये, हे बरोबरच आहे. व्हरांड्यातल्या बाकावर ती मुलगी होती. लागलं तर तिला आत बोलावणार होते. आत माझाच प्रश्न दुसऱ्या कुणीतरी विचारलेला दाराआडून ऐकू आला आणि उत्तर देताना ह्यांचा आवाज अडखळला. मुलगी माझा चेहरा निरखत होती.

"काय म्हणतायत, मॅडम?"

असं ऐकणंही मला पटेना. तिला घेऊन मी पार जिन्यापाशी गेले. "आता मलाही काही ऐकू येत नाही," मी तिच्याकडे तोंड करून म्हणाले. ती हसली आणि डब्यातला शेंगदाण्याचा लाडू पुढे केला. लाडू हातात तसाच राहिला. आजवर मी लोकांना थांबवत आले. स्वतः थांबणं इतकं जड असतं याची कल्पना नव्हती.

हे बाहेर आले. मुलीसमोर उभे राहून सावकाश म्हणाले, "मंजूर. पण सध्या आपल्या एकाच वर्गात, या सत्रापुरतं. दुरुस्ती आपल्या कार्यशाळेतली माणसं बघतील. पुढचं तुझ्या अनुभवावर ठरणार."

तिचे डोळे भरून आले. ते पुसत तिनं विचारलं,

"नीट नाही चाललं तरी सांगायचं, सर?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आता मी बोलायला मोकळी होते.

"तेच आधी सांगायचं, बाळा," मी म्हणाले.