तक्रार क्रमांक एक

या जगात कुठलंही काम कधी पुरं होत नाही असं मानणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण तसं मानूनही सदा प्रसन्न असणारा माणूस एकच. तो म्हणजे आमच्या इंदूरच्या ऑफिसातले रजिस्टरवाले काका. ‘झालं’ या शब्दावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. डॉक्टरांनी गुडघा बरा झाल्याचं सांगितलं, तर काका म्हणाले, “डॉक्टरसाहेब, ते तुम्ही कसं सांगणार? गुडघा तर माझा आहे!” पोह्यांवर जिरावन मसाला कमी पडतो, असं त्यांनी कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याला एकदा सुनावलं. दुसऱ्या दिवशी त्याने मूठभर टाकला, तर स्वतःच्या बशीवर समाधान न मानता काका शेजारच्या तीन अनोळखी गिऱ्हाइकांना “तुमच्यात बरोबर है ना?” असं विचारून आले. कुणाच्या लग्नात हरवलेली छत्री सापडली की नाही, ही चौकशी ते त्याच घरच्या बारशाला करत.

ही खोड त्यांच्या जुन्या कापड मिलची. विणाई खात्यात काका तक्रारींचं रजिस्टर ठेवत. माग अडला की विणकराने सांगायचं, काकांनी लिहायचं आणि मिस्त्रीने दुरुस्त करायचं. मिस्त्री कितीही वेळा “हो गया बाबूजी” म्हणाला, तरी काका स्वतः त्या मागापर्यंत चालत जात आणि विणकराची सही नाहीतर अंगठा घेतल्याशिवाय तक्रार खोडत नसत. पुढे एकामागून एक मिलांचे भोंगे थांबले, त्यात काकांच्याही मिलचा थांबला. कुणाच्या तरी ओळखीने ते विजय नगरातल्या आमच्या पंपांच्या कंपनीत लागले, ते पुन्हा तक्रारींवरच. तीन मजल्यांवर कुणाचा कंप्यूटर रुसला, कुणाचा प्रिंटर अडला, की काकांच्या रजिस्टरात नोंद व्हायची. छत्रीबागेतल्या घरून ते सायकलवर येत. पाऊस असला तर रजिस्टर प्लास्टिकमध्ये कोरडं असे आणि काका ओलेचिंब.

मी कोल्हापूरहून नवा आलेला आणि अजून कायम न झालेला इंजिनियर. एके दिवशी मालकांनी मला बोलावून सांगितलं, “अब रजिस्टर का जमाना गया.” कंपनीच्या इंट्रानेटवर चालेल असं हेल्पडेस्क सॉफ्टवेअर मी निवडायचं होतं. ज्याने त्याने आपल्या जागेवरून तक्रार लिहावी, ती योग्य माणसाकडे जावी आणि कुठे अडली ते सगळ्यांना दिसावं, एवढी त्यांची अपेक्षा. निवड चुकली तर माझी नोकरी जाणार होती. बरोबर आली तर काकांची. हे साऱ्या ऑफिसला ठाऊक होतं आणि काकांनाही.

तरीही “तक्रारीतलं मला समजतं, भिया” म्हणत ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले. दोन सॉफ्टवेअरं चाचणीसाठी आली होती. एक रंगीत, तक्त्यांनी आणि आलेखांनी नटलेलं. दुसरं अगदीच साधं, धुवून विटलेल्या पायजम्याच्या रंगाचं. त्या साध्यातली पहिली तक्रार काकांनीच सांगितली. “लिहा. मला हे चालवता येत नाही, कुणी तरी शिकवावं.” मी हसलो, तिच्यापुढे स्वतःचं नाव टाकलं आणि विसरून गेलो.

मन माझं रंगीतावर जडलं होतं. आठवडाभराच्या चाचणीनंतर शनिवारी पाहतो, तर एकूण एक तक्रार बंद आणि पडदा हिरवागार! मी मालकांसाठी अहवाल छापायला घेतला. काकांनी तो हिरवा आलेख बराच वेळ न्याहाळला.

“सुंदर आहे. पण हा हिरवा रंग भरला कोणी?”

“ज्याने दुरुस्ती केली त्याने.”

“आणि ज्याचं बिघडलं होतं, त्याला विचारलं?”

काकांनी पिशवी उचलली आणि आपला तो वादग्रस्त गुडघा घेऊन तिन्ही मजले चढले. तासाभराने अकरा नावांची यादी घेऊन परतले. अकराही जणांचं रडगाणं अजून तसंच चालू होतं. दुसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर तर दुरुस्त होणं राहिलंच, तो जिन्याखाली पोत्यात गुंडाळून ठेवला होता आणि आमच्या पडद्यावर हिरवा होता. मी अहवालाची छपाई थांबवली. काका मात्र हसत होते. “मिस्त्रीचा कसूर नाही, भिया. मिलमध्येही हेच. म्हणून तर अंगठा!”

मग त्यांनी मला ते विटकं सॉफ्टवेअर पुन्हा उघडायला लावलं. त्यात दुरुस्ती करणाऱ्याने ‘झालं’ लिहिलं, तरी तक्रारदाराने स्वतः ‘ठीक आहे’ दाबल्याशिवाय तक्रार बंदच होत नव्हती. मी ते गैरसोयीचं म्हणून बाजूला ठेवलं होतं. “अरे, अंगठा घेतंय की हे!” काका खुर्चीतून उठलेच. “हेच घ्या, डोळे मिटून.”

तेच घेतलं. मालक खूश झाले, मी कायम झालो आणि महिन्याभरात काकांना शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला गेला. त्यांनी माझी नोकरी वाचवली आणि त्यांच्या नोकरीसाठी मी तोंडातून ब्र काढला नाही. त्याची लाज मला आजही वाटते. पायऱ्या उतरताना काकांनी फक्त एवढंच विचारलं, “आणि माझ्या तक्रारीचं काय?”

जागेवर येऊन पाहिलं, तर तक्रार क्रमांक एक माझ्या नावापुढे उघडीच होती.

पुढच्या रविवारी मी छत्रीबागेत हजर झालो. त्यांच्या मुलाचा जुना कंप्यूटर घरी होता, त्यावर शिकवणी सुरू झाली. दर रविवारी काकूंची कचोरी खाऊन झाली की मी विचारायचो, “काका, जमलं ना? बंद करू तक्रार?” काका मान हलवत. “अभी कहाँ, भिया! पुढच्या रविवारी या.” परक्या गावात माझे रविवार असे दोन वर्षं भरलेले राहिले. मध्ये एकदा काकू बोलून गेल्या, की हे रोज सकाळी भोपाळच्या लेकीला ई-मेल लिहितात. मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

मग मला पुण्याची नोकरी मिळाली. शेवटच्या रविवारी मी पुन्हा विचारलं. काकांनी चष्मा काढून पुष्कळ वेळ पुसला आणि म्हणाले, “अजून प्रिंट काढता येत नाही.”

सोमवारी माझ्या जागी आलेल्या इंजिनियरला मी सगळी यादी समजावून दिली. तो म्हणाला, “सर, ही पहली वाली तर दोन साल जुनी आहे. बंद करून टाकू?”

“ती आपल्याला बंद करता येत नाही,” मी म्हटलं. “तक्रारदाराला विचारावं लागतं. रविवारी सकाळी जा, छत्रीबागेत. पोटात जागा ठेवून जा.”