दुनळीचा न्याय

मोहना गुप्ते हिने उभ्या आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती, तरी २०१० साली बंदुकांचा तिच्याइतका बारकाईने विचार करणारं माणूस बडोद्यात दुसरं सापडलं नसतं.

ती संख्याशास्त्र घेऊन युनिव्हर्सिटीतून बाहेर पडली ते साल ब्याण्णव. परदेशी कंपन्या गुजरातेत पाय रोवत होत्या आणि मकरपुऱ्याच्या एका औषधी कारखान्याला गोळ्यांची तपासणी करणारं माणूस हवं होतं. सतरा वर्षं मोहनाने गोळ्या तपासल्या. मग मालकांनी कारखाना दुसऱ्या राज्यात हलवला आणि ती घरी बसली. तीन आठवडेच बसली. चौथ्या आठवड्यात बडोद्याच्याच छाणी भागातल्या एका लहानशा कंपनीची जाहिरात तिने वाचली. आकडे समजणारी व्यक्ती पाहिजे, एवढंच तिच्यात लिहिलं होतं.

ती कंपनी एक ऑनलाइन गेम चालवत होती. गावोगावचे लोक इंटरनेटवरून एकाच वेळी खेळायला येत, दोन टोळ्या करत आणि एका ओसाड कापडगिरणीत एकमेकांवर गोळ्या झाडत. मेलेला माणूस दहा सेकंदांत पुन्हा उभा राही. घ्यायला आठ हत्यारं होती. त्यांतलं एक जरी फाजील भारी ठरलं, तर सगळे तेच उचलणार आणि बाकीची सात धूळ खात पडणार. म्हणून आठांचा तोल सांभाळणारं कुणीतरी हवं होतं.

गेम बनवणारा अनीश तिशीच्या आतला होता. त्याने मुलाखतीत विचारलं, "ताई, तुम्ही असले गेम खेळता?"

"नाही."

"मग कुठली बंदूक भारी आणि कुठली हलकी, ते कसं कळणार?"

"गोळ्या तपासण्यासाठी मी आजारी पडत नव्हते," मोहना म्हणाली.

ती सोमवारपासून कामाला लागली.

त्या दिवसांत दुनळीवरून रान पेटलं होतं. दुनळी म्हणजे दोन नळ्यांची आखूड बंदूक. जवळून झाडली की समोरचा एका बारात आडवा. खेळाडूंच्या चर्चेच्या पानावर रोज तिच्या नावाने शिमगा चालायचा. अनीश मात्र निश्चिंत होता. शंभर चकमकींत दुनळीवाला एक्कावन्न वेळा जिंकत होता.

"याहून न्याय काय असतो?" तो म्हणाला. "लोक रडे आहेत, दुसरं काही नाही."

सरासरी म्हटली की मोहनाच्या कपाळावर आठी पडे. कारखान्यात तिने असा घाणा, म्हणजे एका वेळी बनवलेल्या गोळ्यांची खेप, पाहिला होता, ज्यात गोळ्यांचं सरासरी वजन अगदी बरोबर, आणि अर्ध्या गोळ्या कमी वजनाच्या, अर्ध्या जास्त. तिने खेळाडूंचे नवे आणि मुरलेले असे दोन भाग केले. नव्यांच्या चकमकींत दुनळी शंभरांत अडुसष्ट वेळा जिंकत होती, मुरलेल्यांत चौतीस. एकच बंदूक नवख्यांना काळ होती आणि जुन्यांना लाकडाचा ओंडका.

अनीशने तिच्या हातातला कागद घेतला. "हे मला दिसायला हवं होतं," तो म्हणाला.

इथवर मोहना बरोबर होती. पुढे चुकली. तिने दुनळीचा मार सरळ कमी करायला लावला. आठवड्याभरात जुन्यांनी दुनळी टाकून दिली आणि नवख्यांच्या तक्रारी तसूभरही कमी झाल्या नाहीत. मोहनाने बदल मागे घ्यायला लावला आणि चर्चेच्या पानावर आपल्या नावानिशी लिहिलं: "चूक माझी होती. कारण सापडलं की पुन्हा बदल करीन." अनीशला ते पटलं नाही; कंपनीने चूक कबूल करू नये असं त्याचं म्हणणं. "चुकलेला घाणा परत बोलावतात, दडवत नाहीत," असं म्हणून ती पुढच्या कामाला लागली.

त्या मजकुराखाली दुसऱ्या दिवशी 'शिलेदार' नावाच्या खेळाडूचं उत्तर आलं. रोमन लिपीत लिहिलेलं, पण शुद्ध मराठी. "कारण आकड्यांत सापडणार नाही. मी घडियाळी पोळ गल्लीतल्या सायबर कॅफेत रोज दुपारी दोनला असतो. येऊन पाहावे."

मोहना गेली. शिलेदार म्हणजे मल्हारराव शितोळे, वय बासष्ट, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त. पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, हे त्यांनी पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं. कॅफेत ते परदेशातल्या मुलीला ईमेल पाठवायला येत. शेजारच्या खुर्चीवरचा गेम बघता बघता त्यांना त्याची गोडी लागली होती.

"बसा ने, बेन," गुजरातीत म्हणत त्यांनी खुर्ची पुढे केली आणि लगेच मराठीकडे वळले. "आता फक्त बघा."

गिरणीतला एकूण एक जिना त्यांना पाठ होता. पण बोटं सावकाश चालायची. एका दारातून आत शिरले, धडाम आवाज झाला आणि पडदा लाल. पुढच्या वेळी दुसरं दार, तीच गत.

"मेलात," मोहना म्हणाली.

"मरायला आपली ना नाही, बाई. बारा वेळा मरेन. पण कशाने मेलो ते तरी कळू दे. दारामागे कुणी आहे याची चाहूल नाही, काही नाही. मग पुढच्या खेपेला शिकणार काय?"

मोहना चार दुपारी त्यांच्या शेजारी बसली आणि प्रत्येक मरण वहीत टिपलं. दुनळीने आलेल्या एकतीस मरणांपैकी सव्वीस दारामागून आलेली होती. जुने खेळाडू अशा दारांत आधी बॉम्ब टाकत, म्हणून वाचत. नवख्यांना ते ठाऊकच नव्हतं. मार जास्त नव्हताच. मरणाऱ्याला सावध व्हायला जागा नव्हती.

तिने अनीशपुढे दोन बदल ठेवले. दुनळी रोखली की तिचा घोडा चढवल्याचा खटका भिंतीपलीकडे ऐकू जावा. आणि त्याच्या बदल्यात तिचा पल्ला चार पावलं वाढवावा, म्हणजे जुन्यांनाही ती घ्यावीशी वाटेल.

"ताई, खटका ऐकू आला तर दबा धरण्यात मजा काय राहिली?"

"तू दुनळी घे," मोहना म्हणाली. "समोर त्या शिलेदारांना बसवू. वीस डाव खटक्याविना, वीस डाव खटक्यासह. मग तूच सांग."

मल्हारराव इस्त्रीचा सदरा घालून छाणीला आले. खटक्याविना अनीश वीसपैकी एकोणीस डाव जिंकला, आणि विसाव्यापर्यंत त्याला जांभया येऊ लागल्या. खटक्यासह तो तेरा जिंकला, सात हरला. शेवटच्या डावात म्हातारबुवांनी खटका ऐकला, मागच्या जिन्याने वळसा घातला आणि अनीशला पाठीमागून गाठलं. अनीश खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसला.

"आणखी एक डाव होऊ द्या, मल्हारराव," तो म्हणाला.

त्याने बदलाबद्दल पुन्हा विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी करूनच टाकला. महिन्याने मोहनाने आकडे काढले. नव्यांत चोपन्न, जुन्यांत सत्तेचाळीस. दुनळीच्या तक्रारी आठवड्याला दोनशेवरून अकरावर आल्या. त्या अकरांतल्या तीन मल्हाररावांच्या होत्या, कारण त्यांच्या मते खटका अजून थोडा मोठा हवा होता. तिने तो मोठा केला नाही आणि का केला नाही ते त्यांना सविस्तर लिहून कळवलं.

तीन वर्षांनी बंगळुरूच्या एका मोठ्या कंपनीने तिला बोलावलं. त्यांच्या गेममध्ये चाळीस हत्यारं होती. पगार दुप्पट, राहायला घर. मोहनाने बडोद्यातल्या हरणी भागातलं आपलं घर सोडायला नकार दिला आणि काम इथूनच करीन, असं कळवलं. त्यांनी पंधरा दिवस विचार केला आणि हो म्हटलं.

पहिल्याच दिवशी तिथल्या मुख्य माणसाने फोनवर अभिमानाने सांगितलं की त्यांच्या चाळीसही हत्यारांची सरासरी पन्नासच्या आसपास आहे.

"छान," मोहना म्हणाली. "आता मला नव्या खेळाडूंचे आकडे वेगळे काढून पाठवा."