आधी मालकाची बोटं

"हा पण आपल्या लिफ्टने आला? सामानाच्या लिफ्टने पाठवायचं ना!"

बाळकुमच्या टॉवरमधल्या त्या साहेबांनी मला बघून वॉचमनला झापलं. माझ्या हातात ठसे घ्यायची पेटी. गळ्यात पोलिसांचं कार्ड. त्यांनी कार्ड वाचलं. आडनावावर थांबले. मग माझ्या सिनियरना म्हणाले, "जाताना याची पेटी बघून घ्या हां. आधीच एक चोरी झालीय."

सिनियर हसले. मी पण हसलो. मी मोहने गावातला, शाळेपासून नकला करणारा. हसून वेळ मारून न्यायची सवय. मनात साहेबांची नक्कल तयार पण झाली, नाकातल्या आवाजासकट.

लॉकरमधल्या बांगड्या गेलेल्या. लॉकर फोडलेला नाही, चावी घरातच. तरी संशय एकीवरच. भांडीवाल्या मावशी. कोपऱ्यात उभ्या. खाली पोलिसांची गाडी त्यांच्यासाठीच थांबलेली.

मी लॉकरवर पावडर मारली. एकच ठसा आला, पण झकास. रेष न् रेष मोजून घ्या. टेपवर उचलला.

आता जुळवायला घरात वावरणाऱ्या सगळ्यांचे ठसे घ्यायचे. आमच्यात पद्धतच पडलेली, आधी कामवाली, ड्रायव्हर. घरचे नंतर, जमलं तर. कोणी सांगायच्या आत मी शाईचं पॅड घेऊन मावशींकडे वळलो. मी! ज्याची आई अजून लोकांची भांडी घासते.

"मी नाय घेतलं रं पोरा."

बोट कागदावर दाबलं. नुसता काळा डाग. दुसरं. तिसरं. दहाच्या दहा डाग. भांडी घासून घासून रेषाच उरल्या नव्हत्या. आईची बोटं अशीच.

मग लॉकरवरचा तो झकास ठसा यांचा कसा?

"साहेब, आता तुमची बोटं."

"माझ्याच घरात मी शाई लावू?" त्यांचे हात पाठीमागे गेले.

सिनियर कानाशी आले. "अरे सोड ना. बाईचे जुळतात म्हणून लिही. निघू."

मी साहेबांच्या नाकातल्या आवाजात बोललो, "जाताना पेटी बघून घ्या हां, सर. खोटा कागद सापडणार नाही."

कोणी हसलं नाही.

रिपोर्टमध्ये लिहिलं, ठसा बाईंचा नाही. मालकाने ठसे द्यायला नकार दिला. खाली सही केली. गाडी रिकामी गेली.

मला मेमो आलाय. येऊ दे. अजून येतील. पॅड उघडलं की पहिली बोटं मालकाची.